उत्साह : स्थायिभाव की उसळी?

मराठी समीक्षेत काही संज्ञा अशा आहेत की त्यांचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते आणि म्हणूनच तो कोणी तपासून पाहत नाही. 'उत्साह' ही अशा संज्ञांपैकी एक होय. वीररसाचा स्थायिभाव उत्साह, हे विधान पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थीही बिनचूक लिहितो. परंतु उत्साह म्हणजे काय, असे त्याला विचारले तर जोश, आवेश, जोम, स्फूर्ती, वीरश्री यांपैकी एखादा पर्याय तो पुढे करतो. त्याला हे पर्याय पुरवणारी पाठ्यपुस्तकी समीक्षाही याहून फारसे वेगळे सांगत नाही. पोवाड्यात तलवारींचा खणखणाट आला की वीररस झाला, फटक्याची लय द्रुत झाली की उत्साह जागा झाला, असा हा सोपा हिशेब आहे. हा हिशेब चुकीचा आहे. त्याने रसविचाराचे नुकसान केले आहेच, त्याहून अधिक नुकसान मराठी वाङ्मयाच्या आकलनाचे केले आहे. एका शब्दाचा अर्थ ढिला पडल्यामुळे कोणाचे शौर्य वाङ्मयात शौर्य म्हणून ओळखले जाते आणि कोणाचे जात नाही, इथपर्यंत या प्रश्नाची व्याप्ती पोहोचते.

प्रथम आजच्या रूढ प्रयोगांकडे पाहावे. वृत्तपत्रांत सण 'उत्साहात साजरा' होतो. मतदारांत 'उत्साह' वा 'निरुत्साह' दिसतो. कार्यकर्त्यांच्या 'अतिउत्साहा'मुळे गोंधळ उडतो. उत्साहाला 'उधाण' येते, तो 'ओसंडून वाहतो', 'ओसरतो', 'मावळतो'. या सर्व प्रयोगांमागे भरती-ओहोटीचे रूपक आहे. जे उसळते आणि ओसरते ते म्हणजे उत्साह. आता शास्त्राची भाषा आठवावी. स्थायी तो, जो विरुद्ध वा अविरुद्ध भावांनी लोपत नाही, त्यांना स्वतःत सामावून घेतो. येणारे-जाणारे ते संचारी. ज्याला आजची मराठी 'उत्साह' म्हणते तो या विभागणीत संचाऱ्यांच्या रांगेत, आवेग आणि हर्ष यांच्या शेजारी बसेल. ओसरणारा स्थायिभाव हा वदतोव्याघात आहे. परंतु मराठी रसचर्चा तो सुखेनैव उच्चारत आली आहे.

या शब्दाचे मूळ पाहू. 'उत्साह' हा 'उद्' हा उपसर्ग आणि 'सह्' हा धातू यांपासून बनला आहे. वैदिक भाषेत 'सह्' म्हणजे वरचढ होणे, जिंकणे, प्रतिपक्षाला पुरून उरणे. त्याचेच नाम 'सहस्', म्हणजे बल. अग्नीला ऋग्वेदात बलाचा पुत्र म्हटले आहे ते या शब्दाने. पुढे अभिजात संस्कृतात हाच धातू सोसणे, तग धरणे या अर्थी स्थिरावतो आणि धातुपाठ त्याचा अर्थ 'मर्षण' असा देतो. तुलनात्मक भाषाशास्त्राने या धातूची सांगड ग्रीकमधील 'धारण करणे' या अर्थाच्या 'एखो' या क्रियापदाशी आणि जर्मनमधील 'विजय' या अर्थाच्या 'झीग' या नामाशी घातली आहे. धारण करणे, सोसणे आणि जिंकणे हे तिन्ही अर्थ एकाच मुळातून फुटले आहेत. जो धरून राहतो तो जिंकतो, ही त्यामागची धारणा असावी. पाणिनीने तुमन्त रूपासह येणाऱ्या धातूंच्या यादीत (३.४.६५) 'शक्', 'धृष्' यांच्या पंक्तीला 'सह्' बसवला आहे. अमुक करण्यास 'उत्सहते' म्हणजे ते करण्याचे सामर्थ्य व तयारी त्याच्यापाशी आहे. येथे आनंदाचा, उल्हासाचा किंवा मनाच्या उसळीचा गंधही नाही.

याच धातूचे मराठीतील गोत्र मोठे आहे : सहन, सहिष्णुता, असह्य, दुःसह, साहस आणि खुद्द मराठी वळणाचे 'साहणे'. त्यांपैकी 'साहस' विशेष लक्षणीय आहे. धर्मशास्त्रात 'साहस' हे बळजोरीच्या गुन्ह्यांचे नाव आहे. लूट, मारहाण यांसारखी कृत्ये त्यात मोडतात. म्हणजे एकाच धातूपासून निघालेल्या दोन शब्दांत परंपरेने भेद केला : विवेकाचा बांध फोडणारे बळ ते साहस आणि धरून ठेवणारे बळ तो उत्साह. आजच्या समीक्षेतील 'उत्साह' हा बहुतेक वेळा जुन्या अर्थाने 'साहस' असतो, हे या उलथापालथीतील मोठे वैगुण्य होय.

आता त्याचे तथाकथित पर्याय. 'जोश' हा फारसी शब्द, मूळ अर्थ उकळी. 'आवेश' म्हणजे आत शिरणे. बाहेरच्या शक्तीने शरीराचा वा मनाचा ताबा घेणे. 'स्फूर्ती'च्या मुळाशी 'स्फुर्', म्हणजे थरथरणे, लवलवणे. 'उमेद' ही फारसीतील आशा. उकळी, संचार, स्पंदन, आशा आणि धारणा ही पाच वेगळी रूपके आहेत, मनाच्या पाच वेगळ्या अवस्था आहेत. भाषेने हे भेद जपून ठेवले असता समीक्षेने ते एकाच पोत्यात भरावेत याला काव्यशास्त्र म्हणता येत नाही.

या गोंधळाचे खापर इंग्रजी अमदानीवर फोडण्याची एक सोयीस्कर रीत आहे. इंग्रजी 'एन्थुझिअॅझम'चे भाषांतर 'उत्साह' असे झाले आणि अर्थ बिघडला, असे म्हटले की संस्कृतीचा अभिमानही राखला जातो आणि अभ्यासाचे श्रमही वाचतात. हे अर्धसत्य आहे. त्या शब्दाच्या मुळाशी 'ज्याच्या आत देव आहे' असा ग्रीक अर्थ आहे. प्लेटोच्या 'आयन' या संवादात कवी आणि काव्यगायक यांची अवस्था अशा संचाराची मानली आहे. लॉकने आपल्या निबंधग्रंथाच्या १७०० सालच्या चौथ्या आवृत्तीत या विषयावर नवे प्रकरण घातले ते धार्मिक भ्रमाचा एक प्रकार म्हणून. अर्थात या शब्दाला मराठीत जवळचा शब्द 'आवेश' होता. 'उत्साह' योजल्यामुळे दोन गोष्टी घडल्या : देवसंचाराची छटा उत्साहाला चिकटली आणि जो भाव शास्त्रात पात्राचा व रसिकाचा होता तो कवीचा गुण बनला. 'कवीचा उत्साह', 'उत्साहपूर्ण प्रतिभा' अशा शब्दयोजना याच सरमिसळीतून येतात. संस्कृत साहित्यशास्त्राने काव्यहेतूंत शक्ती, निपुणता, अभ्यास यांची गणना केली. उत्साहाची केली नाही.

परंतु अर्थाची ही घसरण इंग्रजीच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. प्राकृतात 'उत्साह'चा 'उच्छाह' झाला आणि 'उत्सव'चा 'उच्छव'. हे दोन शब्द व्युत्पत्तीने अगदी वेगळे असले तरी कानाला शेजारी झाले. तुलसीदासाच्या 'रामचरितमानसा'त 'उछाह' हा मंगलप्रसंगीच्या आनंदाचाच वाचक आहे. जुन्या मराठीतही देवस्थानच्या उत्सवाला 'उत्साह' म्हटलेले आढळते. भक्तिपरंपरेच्या सामूहिक आनंदात हा शब्द विरघळला, यात दोष काढण्याचे कारण नाही. भाषा अशीच चालते. दोष आहे तो या विरघळलेल्या अर्थाने भरतमुनीचा ग्रंथ वाचणाऱ्यांचा.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थाचा निवाडा नव्हे. रूढी योगाला मागे सारते, हा आपल्या शास्त्रकारांचाच न्याय आहे. मग हजारो वर्षांपूर्वीच्या धातूचा हवाला देऊन आजच्या शब्दाला दटावणे हा पंडिती अट्टहास नव्हे काय? आक्षेप मान्य आहे. म्हणूनच प्रस्तुत प्रतिपादनाचा भार व्युत्पत्तीवर नसून शास्त्रातील प्रयोगावर आहे. धातू दिशा सुचवतो, पुरावा प्रयोगाचाच घ्यावा लागतो.

तो पुरावा निःसंदिग्ध आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त राजाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत : मंत्रशक्ती, प्रभुशक्ती आणि उत्साहशक्ती. त्यांची तुलना करताना पूर्वाचार्य उत्साहाला प्रभावापेक्षा श्रेष्ठ मानतात; कौटिल्य ते खोडून काढतो आणि मंत्राला सर्वांच्या वर ठेवतो. कौटिल्याचा निर्णय काहीही असो, येथे उत्साह हे मोजता येणारे, इतर बळांशी ताडून पाहता येणारे राजाचे सामर्थ्य आहे. मनाच्या लहरीची अशी तुलना कोणी करीत नाही.

'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात वीररसाचे वर्णन येते. त्याच्या विभावांत असंमोह, अध्यवसाय, नय, विनय हे बल आणि पराक्रम यांच्याही आधी येतात. अनुभावांत स्थैर्य, धैर्य, शौर्य, त्याग, वैशारद्य. पुढे हा रस कशातून उपजतो हे सांगताना भरत अविषाद, अविस्मय, अमोह या नकारात्मक पदांचा आधार घेतो. खचत नाही, चकित होत नाही, भांबावत नाही, असा तो वीर. जोशाची व्याख्या अशा नकारांनी करता येईल काय? जोश भांबावलेला असू शकतो, बहुधा असतोच. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त उत्साहाचे लक्षण सांगताना कार्यारंभीच्या संरंभाला 'स्थेयान्', म्हणजे अधिक स्थिर, असे विशेषण जोडले. संरंभ हा शब्द आहे, हे खरे. केवळ संरंभ पुरेसा असता तर विशेषणाची गरज पडली नसती.

रौद्र आणि वीर यांतील सीमारेषा तर या संपूर्ण वादाची कसोटी आहे. रौद्राचा स्थायी क्रोध. दोहोंतही शत्रू असतो, शस्त्र असते, युद्ध असते. मग भेद कशाने करावा? विश्वनाथ सांगतो की मुखाची व नेत्रांची आरक्तता हीच रौद्राला युद्धवीरापासून वेगळे करते. डोळे लाल झाले की वीर संपला. मराठीत मात्र नेमके लाल डोळे, फुरफुरणारे बाहू आणि थरथरणारे ओठ हेच वीररसाचे उदाहरण म्हणून शिकवले जातात. जे रौद्र आहे त्याला वीर म्हणण्याची ही सवय निरुपद्रवी नाही. क्रोधाला पराक्रमाची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम ती वर्गावर्गांतून करते.

वीराचे प्रकार पाहिले तर चित्र अधिकच स्पष्ट होते. भरताने दानवीर, धर्मवीर आणि युद्धवीर असे तीन प्रकार सांगितले. विश्वनाथाने दयावीराची भर घालून ते चार केले. सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने 'रसगंगाधरा'त हीच चौकट अपुरी ठरवून सत्यवीर, पांडित्यवीर, क्षमावीर असे आणखी प्रकार कल्पिता येतील असे दाखवले. 'क्षमावीर' हा शब्द येथे थबकून वाचावा. 'सह्' धातूचा धातुपाठातील अर्थ मर्षण, म्हणजे सोसणे आणि क्षमा करणे. शब्दाचे बीज आणि शास्त्राचा विस्तार येथे एकमेकांना भेटतात. हर्षाच्या 'नागानंद' नाटकातील जीमूतवाहन नागाच्या जागी स्वतःचे शरीर गरुडापुढे ठेवतो. आनंदवर्धनाने या नाटकात शांत पाहिला. 'दशरूपका'वर टीका लिहिणाऱ्या धनिकाने तो नाकारून तेथील स्थायी उत्साहच असल्याचे प्रतिपादन केले. एकही शस्त्र न उचलणारा, पडून राहून खाल्ला जाणारा नायक उत्साहाचा आश्रय ठरू शकतो की नाही, यावर दहाव्या शतकात वाद होऊ शकत होता. उत्साह म्हणजे जोश असता तर हा वाद उद्भवलाच नसता.

मराठीत हे साहित्य उपलब्ध नव्हते असेही नाही. र. पं. कंगले यांनी 'अर्थशास्त्रा'ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि 'रस-भाव-विचार' या ग्रंथाने 'नाट्यशास्त्रा'तील रस व भाव यांविषयीचे अध्याय मराठी वाचकाच्या हाती दिले. उत्साहशक्ती आणि उत्साहभाव ही दोन्ही टोके एकाच अभ्यासकाच्या कार्यात एकत्र आली होती. त्यांना जोडून पाहण्याचे काम समीक्षेने करायचे होते. ते तिने केले नाही. रसव्यवस्था कालबाह्य आहे की नाही यावर मात्र तिने पुष्कळ शाई खर्च केली.

आता या अर्थाने मराठी वाङ्मयाकडे वळले असता काय दिसते? अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळे जी रचना अभ्यासकांपुढे आली तिच्यात तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा अग्रगण्य आहे. त्याची ख्याती लढाईसाठी. पण शाहिराने रेंगाळून रंगवला आहे तो त्याआधीचा भाग. रायबाचे लग्न, निमंत्रण आणि ते लग्न बाजूला ठेवण्याचा तानाजीचा निर्णय. वीररसाचा कणा येथे आहे, कारण अध्यवसाय येथे आहे. लढाई ही त्या निर्णयाची परिणती. खणखणाटात रस शोधणारी समीक्षा या भागाला प्रास्ताविक समजून पुढे धावते. अण्णाभाऊ साठे यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. त्या शहराचा पराक्रम आधी तग धरण्याचा होता, नंतर चढाईचा. तेथे 'सह्' धातूचे दोन्ही अर्थ, सोसणे आणि जिंकणे, एका वेळी खरे ठरले. तुकारामाने अंतरीच्या झगड्यासाठी युद्धाची प्रतिमा योजली तेव्हा त्यालाही रणावेश अभिप्रेत नव्हता. अहोरात्र न खचणे अभिप्रेत होते.

परंतु खरा प्रश्न याच्याही पलीकडे आहे. एकाच 'सह्' धातूची वाटणी मराठी समीक्षेने लिंगानुसार केली आहे. पुरुषाच्या वाट्याला 'उत्साह' आला, स्त्रीच्या वाट्याला 'सहनशीलता'. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची चर्चा करताना त्यांचा सोशिकपणा आणि विनोद यांचे कौतुक होते. १८९५ मध्ये पतीने धर्मांतर केल्यावर दुरावलेली ही स्त्री काही वर्षांनी स्वतः विचार करून, स्वतःच्या पावलांनी नव्या वाटेवर येते. हा अध्यवसाय आहे, असंमोह आहे, अविषाद आहे. भरताने सांगितलेली सामग्री जवळजवळ पूर्ण आहे. तरीही या ग्रंथाच्या संदर्भात वीररसाचे नाव काढले तर ती गंमत वाटेल. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले. भूक, बाळंतपण, सासुरवास आणि अस्पृश्यता यांच्या खालून उठून मुलांना शाळेत घालणाऱ्या महार स्त्रियांची ही कथा आहे. तिला 'करुण' वा 'दाहक' म्हणून बाजूला ठेवणे म्हणजे फक्त 'सह्' वाचणे आणि 'उद्' गाळणे होय. नुसते सोसणे आणि सोसून वर उठणे यांतील अंतर त्या उपसर्गात आहे. त्या स्त्रियांनी हे अंतर कापले. समीक्षेची संज्ञा मात्र त्यांच्यासोबत चालली नाही.

येथे रसव्यवस्थेचे भोळे समर्थक आनंदतील आणि म्हणतील, पाहा, आपल्या शास्त्रात सर्व काही होते. त्यांनाही हे समाधान लाभू देता येत नाही. भरताने उत्साहाला 'उत्तम प्रकृती'शी जोडले आहे. उत्तमाची लक्षणे तो शीलावरून सांगतो हे खरे. पण नाट्याच्या व्यवहारात हे स्थान राजे, देव, अमात्य यांच्या वाट्याला आले आणि भयासारख्या भावाचे आश्रय म्हणून स्त्रिया व नीच प्रकृतीची पात्रे नेमून दिली गेली. भावांची ही श्रेणीबद्ध वाटणी शास्त्राच्या अंगातच आहे. दलित साहित्याच्या चर्चेत जुन्या रसांची चौकट नाकारली गेली, विद्रोहाला स्वतंत्र रस मानावे अशी सूचनाही पुढे आली, त्यामागे हाच अनुभव होता. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथातील मागणी वेगळ्या निकषांची आहे आणि तिला 'हे आमच्याकडे आधीच होते' हे उत्तर देणे उद्धटपणाचे ठरेल.

तथापि संज्ञा तिच्या जन्मदात्यांच्या मर्यादांत कायम कोंडून राहते असे नाही. जगन्नाथ पंडिताने वीराचे प्रकार खुले केले तेव्हा त्याने आश्रयाच्या कुळाऐवजी कृतीच्या स्वरूपाकडे पाहिले. त्या वाटेवर आणखी एक पाऊल टाकून 'उत्तम प्रकृती'ची अट काढून घेतली तर उत्साह या संज्ञेत आजही धार आहे. ती धार वापरायची की नाही हा निर्णय नव्या वाङ्मयाच्या अभ्यासकांचा. परंतु बोथट केलेली संज्ञा हाती देऊन ती निरुपयोगी आहे असा निर्वाळा देणे हा न्याय नव्हे.

शब्दाचा लोकव्यवहारातील अर्थ कोणी बदलू शकत नाही आणि बदलण्याचे कारणही नाही. सण उत्साहात साजरे होतील, उत्साहाला उधाण येईल; मराठी भाषेचे त्यात काही बिघडत नाही. समीक्षकाची जबाबदारी वेगळी आहे. तो जेव्हा 'उत्साह' ही पारिभाषिक संज्ञा म्हणून वापरतो तेव्हा तिच्यामागे अध्यवसाय, असंमोह आणि स्थैर्य यांचे ऋण असते. ते फेडायचे नसेल तर त्याने सरळ 'जोश' म्हणावे; तो शब्दही चांगला आहे, आणि उकळी काही वेळाने निवते हे सांगण्याचा प्रामाणिकपणा त्याच्या मुळातच आहे.